महाराष्ट्रातील गांजा आणि प्रतिबंधाची दीडशे वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मुख्य क्षेत्र अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे होते आणि तेथे हे पीक सरकारच्या माहितीने, उघड बाजारात विकण्यासाठी घेतले जाई. एकाच झाडापासून तीन निरनिराळे पदार्थ निघतात आणि कायद्याने त्यांना आजही निरनिराळे मानले असल्यामुळे त्यांतील फरक आरंभीच सांगणे आवश्यक आहे. झाडाची पाने वाटून केलेली ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून केलेला तो गांजा, आणि झाडावर जमणारी चिकट राळ गोळा करून केलेला तो चरस. गांजाचे पीक घेणाऱ्याला शेतातील नर झाडे परागकण सुटण्यापूर्वीच ओळखून उपटून टाकावी लागत, कारण मादी झाडांना बी धरले नाही तरच त्यांच्या फुलोऱ्यात राळ साठत जाते. ही पारख सोपी नसल्याने बंगालमध्ये तेवढ्याच कामासाठी गावोगाव फिरणारे जाणकार असत. अशा रीतीने गांजा हे कौशल्य मागणारे, पैसा देणारे आणि सरकारी दप्तरात नोंदले जाणारे पीक होते, आणि त्याच्या प्रतिबंधाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

या गांजाचे गिऱ्हाईक कोण होते, याविषयी त्या काळातील साक्षी पुष्कळशा एकमुखी आहेत. बैरागी, गोसावी आणि फकीर, हमाल आणि कष्टकरी, मठात किंवा तकियावर रात्री जमणारी मंडळी, असा हा वर्ग होता. चिलमीच्या तोंडाला ओली साफी, म्हणजे धूर गाळून थंड करणारा फडक्याचा तुकडा, गुंडाळून ती हातोहात फिरवली जाई आणि एकट्याने ओढण्यापेक्षा मंडळीत बसून ओढण्याचीच रीत होती. प्रतिष्ठित समाजात गंजेडी ही शिवी होती. घरातील मुलगा अशा बैठकीत दिसला तर त्याची वार्ता संध्याकाळपर्यंत घरी पोहोचे, आणि मुलांना या नशेपासून दूर ठेवणारे कुंपण असलेच तर ते हेच होते. त्याला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही, कारण ते बऱ्याच अंशी जातीच्या आणि वर्गाच्या तुच्छतेवर उभे होते. ज्या हमालाचा किंवा बैराग्याचा मुलगा वडिलांच्याच शेजारी बसून पहिला दम मारी त्याच्याभोवती हे कुंपण नव्हते आणि त्याची चिंता करणाराही कोणी नव्हता.

सरकारची नजर दुसरीकडे होती. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने दारूप्रमाणेच मादक द्रव्यांचा व्यापारही परवान्याखाली आणला. आबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर आणि तो वसूल करणारी यंत्रणा. विक्रीचा मक्ता लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मिळत असल्याने, बोली भरून काढण्यासाठी अधिकाधिक माल खपवणे हे मक्तेदाराच्या हिताचे होते. या व्यवस्थेवर लोकांमधून पहिले स्पष्ट आक्षेप आले ते दारूच्या बाबतीत. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. फुले यांच्या आक्षेपाचा गाभा गांजालाही तितकाच लागू होता, परंतु शहरी सुधारकांच्या दृष्टीने गांजा ही बैराग्यांची बाब होती आणि पुढची अनेक दशके तो त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही.

गांजाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो लंडनमार्गे. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते असलेले ब्रिटिश खासदार विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी १८९३ साली पार्लमेंटमध्ये हा विषय काढला आणि त्यातून त्याच वर्षी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. तोच ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ या नावाने ओळखला जातो. आयोगाने ७० प्रश्नांची प्रश्नावली देशभर पाठवली, १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. कलेक्टर, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, शेतकरी आणि मक्तेदार अशा सर्वांना विचारलेल्या या प्रश्नांत लागवड, वाहतूक, जकात, धार्मिक उपयोग, औषधी उपयोग आणि गुन्हेगारी यांचा तपशील खोदून काढला आहे. मुले हे पदार्थ घेतात काय, हे मात्र एकांत की संगत, स्त्री की पुरुष, कोणते वय, अशा विचारणेच्या शेवटी जोडलेल्या एका वाक्यात विचारले आहे. साक्षीदारांचे उत्तर सामान्यतः नकारार्थी आले आणि आयोग पुढे गेला. एवढ्या मोठ्या चौकशीत तरुणांच्या वाट्याला आलेली जागा इतकीच होती.

याच अहवालाचा एक भाग मात्र आजच्या प्रतिबंधकार्यासाठी फार मोलाचा आहे. गांजाने माणूस वेडा होतो ही समजूत त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या आकडेवारीवर उभी होती, म्हणून ती आकडेवारी तयार कशी होते हे आयोगाने तपासले. रुग्णाला इस्पितळात आणताना पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून एक वर्णनपत्र येई आणि त्यात वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे. आणलेला माणूस अनेकदा बेवारस फिरताना सापडलेला असे, त्याचा पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसे आणि तरी रकाना रिकामा ठेवता येत नसे, त्यामुळे तो कधीतरी चिलीम ओढत होता असे कोणी म्हटले की ‘गांजा’ हा शब्द तेथे लिहिला जाई आणि पुढे तोच इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे. आयोगाने १८९२ सालच्या अशा नोंदींची एकेक करून फेरतपासणी केली तेव्हा त्यांतील निम्म्याहून कमी नोंदी टिकल्या. ज्या टिकल्या त्या खऱ्या होत्या, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अतिसेवन घातक आहे, विशेषतः ज्यांच्या मनाची घडण मुळात नाजूक आहे त्यांना, हे आयोगाने नाकारले नाही.

माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन वाईट, संपूर्ण बंदी अनावश्यक आणि गैरसोयीची, म्हणून कर पुरेसा वाढवावा, लागवड परवान्याखाली एका जागी आणावी, दुकाने कमी करावीत आणि एका माणसाने जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा घालावी, असा आयोगाचा निष्कर्ष होता. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी आपली वेगळी मते नोंदवली. आयोगाचे काम काळजीपूर्वक झाले होते यात शंका नाही, पण त्याच्या समोरचा माणूस नेहमी प्रौढ होता. किती घेतल्यास चालते हा प्रश्न त्याने विचारला आणि कोणत्या वयात सुरू केल्यास काय होते हा प्रश्न सुटून गेला. पुढील जवळपास शंभर वर्षे सरकारी धोरणात तो सुटलेलाच राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्यसनविरोधाला लोकचळवळीचे रूप आले. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवकांनी निरोधन, म्हणजे गिऱ्हाइकाला दारातच विनवून परत पाठवण्याचे काम, सुरू केले आणि त्यासाठी अनेकांनी शिक्षाही भोगल्या. गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून व्यसनाचा हिशेब काढून घेतला. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून उभारलेल्या गुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थनेला व्यसनत्यागाची जोड दिली. या प्रयत्नांनी महाराष्ट्राला एक गोष्ट कायमची दिली, ती अशी की व्यसन हा एकट्या माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न नसून साऱ्या गावाने बसून बोलण्याचा विषय आहे, ही जाणीव. सरकारी पातळीवर १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूबरोबर मादक द्रव्येही घेतली गेली. गांजाची परवानाधारक दुकाने ओसरत गेली, तरी चळवळीचे बळ दारूवरच एकवटलेले होते. पुढे गावातील स्त्रियांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याची, उभी बाटली आडवी करण्याची, तरतूद महाराष्ट्रात आली. तिचा गांजाला उपयोग नव्हता, कारण ज्या मालाला परवानाच नाही त्याचे दुकान मतदानाने बंद करता येत नाही.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटले. युरोप-अमेरिकेतून भूमार्गाने येणारे हिप्पी तरुण गोव्याच्या हणजूण, कळंगुट या किनाऱ्यांवर स्थिरावले आणि जी चिलीम शतकानुशतके बैराग्याच्या हातात होती ती शिकलेल्या, गोऱ्या, तरुण माणसाच्या हातात दिसू लागली. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या हिंदी चित्रपटाने हे जग निषेधाच्या हेतूने का होईना, पण गावोगावच्या पडद्यावर नेले. तुच्छतेवर उभे असलेले जुने कुंपण येथे कोसळले, आणि मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांत गांजा हा बंडखोरीचा, कलावंतपणाचा आणि मित्रमंडळीत सामावून जाण्याचा परवाना ठरू लागला. प्रौढ, गरीब आणि उघड असा जुना सेवनकर्ता मागे पडून किशोरवयीन, मध्यमवर्गीय आणि लपून ओढणारा नवा सेवनकर्ता पुढे आला, हा या दीडशे वर्षांतला सर्वांत मोठा बदल आहे. पालकांची पिढी मात्र दारूचा वास ओळखायला शिकलेली होती. गांजाविषयी तिच्याजवळ एक शिवी होती, ज्ञान नव्हते.

कायदा बदलला तो आंतरराष्ट्रीय कराराच्या मुदतीमुळे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१च्या अमली पदार्थविषयक कराराने गांजाचा वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोग सोडून इतर वापर संपवण्यासाठी २५ वर्षांची सवलत दिली होती. ती संपत आली असताना भारताने १९८५चा अमली पदार्थ कायदा केला आणि १४ नोव्हेंबर १९८५पासून तो अमलात आला. त्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे शेंडे अशी केली असून शेंड्यांविना असलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या आहेत, म्हणूनच भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. २००१च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली गेली. त्यानुसार गांजाचे १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि २० किलोंहून अधिक प्रमाण व्यापारी मानले जाते. एका टोकाला महसूल आणि दुसऱ्या टोकाला तुरुंग, असा हा प्रवास झाला. ज्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडते त्याच्या आईवडिलांनी काय करावे, याचे उत्तर या दोन्ही टोकांवर नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो दुसऱ्याच एका पदार्थामुळे. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे हेरॉइनचा ‘ब्राऊन शुगर’ नावाने विकला जाणारा अशुद्ध प्रकार, झपाट्याने पसरला. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी त्याच्या विळख्यात सापडलेल्या मुलांमध्ये मिसळून लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसन हा आजार मानणे, रुग्णाला ‘मित्र’ म्हणणे, पत्नीला आणि आईवडिलांना उपचारात सहभागी करून घेणे, बरे झालेल्यांनाच पुढे समुपदेशक म्हणून उभे करणे आणि घरी गेलेल्या माणसाचा पाठपुरावा सोडायचा नाही, ही तिथली रीत होती. आयोगाच्या काळातील वर्णनपत्रात ज्याचा पूर्वेतिहास एका रकान्यात संपत होता, त्याच माणसाला समोर बसवून, तू पहिल्यांदा कधी घेतलेस, कोणाबरोबर घेतलेस, त्या वेळी घरी काय चालले होते, असे येथे विचारले जाऊ लागले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था आणि त्याआधी १९८१ साली मुंबईच्या वांद्र्यात फादर जो परेरा यांनी सुरू केलेले ‘कृपा फाउंडेशन’ यांनीही याच अर्थाचे काम केले.

या केंद्रांच्या अनुभवातून प्रतिबंधाला आपला खरा विषय मिळाला, कारण तेथे येणारी प्रौढ माणसे आपली सुरुवात सांगताना वारंवार शाळा-कॉलेजच्या वयाकडे जात होती. याच सुमारास विज्ञानानेही वयाचा प्रश्न हाती घेतला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांची १५ वर्षांची माहिती तपासली गेली आणि अठराव्या वर्षापर्यंत ५०हून अधिक वेळा गांजावर्गीय पदार्थ घेतलेल्यांमध्ये छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. नंतरच्या अभ्यासांनी कार्यकारणाविषयी अधिक सावध भाषा वापरली, पण लहान वय, वारंवार सेवन आणि तीव्र माल हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. प्रौढांकडे पाहून १८९४ साली काढलेला निष्कर्ष पंधरा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही, तो याच कारणाने.

प्रतिबंध करायचा म्हणजे काय करायचे, याविषयी मात्र महाराष्ट्राने बराच काळ सोप्या वाटेवर समाधान मानले. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरवला. तोच राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिन आणि राज्याचा सामाजिक न्याय दिन असून व्यसनमुक्तीचे कामही सामाजिक न्याय विभागाकडेच आहे, त्यामुळे त्या दिवशी शाळाशाळांतून प्रभातफेरी, घोषवाक्ये, कवटीचे चित्र असलेले फलक आणि सामुदायिक शपथ हे ठरून गेले. असे कार्यक्रम करणाऱ्या शिक्षकांची तळमळ खरी असते, म्हणूनच त्यांच्या मर्यादा स्पष्ट सांगणे हे त्यांच्याविषयीच्या आदराचेच लक्षण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधविषयक मानकांत जगभरचे पुरावे तपासून असे नोंदवले आहे की केवळ माहिती देणारी व्याख्याने, भीती घालणारी चित्रे आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनी शाळेत सांगितलेल्या कहाण्या यांनी मुले सेवनापासून दूर राहतात असे दिसत नाही. याउलट लहान वयापासून पालकांना दिलेले प्रशिक्षण, वर्गात वर्षभर चालणारी आणि नकार देणे, ताण सोसणे, गटाचा दबाव ओळखणे यांचा सराव करून घेणारी सत्रे आणि मुलाला शाळेत आपलेपणा वाटेल असे वातावरण यांचा उपयोग होतो. मैदानावर मुलांसोबत असणारा कबड्डीचा मार्गदर्शक किंवा गणेशोत्सव मंडळातला मोठा कार्यकर्ता या कामात एखाद्या पाहुण्या वक्त्याहून जास्त उपयोगी पडू शकतो, कारण मुलगा नेहमीच्या संगतीतून अचानक दिसेनासा झाला, त्याचे पैसे पुरेनासे झाले, जुने मित्र तुटले, हे त्याला घरच्यांच्याही आधी कळते.

न्यायालयाने या विषयाला गती दिली ती अलीकडे. १४ डिसेंबर २०१६ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधील व्यसनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण करावे, राष्ट्रीय आराखडा तयार करावा आणि हा विषय अभ्यासक्रमात आणावा, असे आदेश दिले. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ या वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. याचा दुसरा अर्थ असा की बहुसंख्य लोक तो घेत नाहीत, आणि ‘सगळेच ओढतात’ असे मानून पहिली चिलीम हातात घेणाऱ्या मुलाला ही साधी वस्तुस्थिती सांगण्याजोगी आहे. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले, १० ते १८ वयोगटातील मुलांसाठी समवयस्क मुलांनीच चालवायचे गट केंद्रीय योजनेत आले आणि २०२१ साली राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या संयुक्त कृती आराखड्यातून शाळांमध्ये ‘प्रहरी क्लब’ स्थापन करण्याची सूचना निघाली. या क्लबांचे काय होते हे त्यांना कोणते काम दिले जाते यावर अवलंबून आहे. मुलांना मुलांवर पाळत ठेवायला लावली तर विश्वास तुटतो. शाळेच्या आसपासच्या टपऱ्यांकडे मोठ्यांचे लक्ष वेधणे आणि अडचणीतील मित्राला शिक्षकापर्यंत आणणे हे त्यांचे काम ठरवले तर त्यांचा उपयोग होऊ शकतो.

सामान्य नागरिकाच्या हाती असलेली कायद्याची दोन साधने अजूनही फारशी माहीत नाहीत. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७७व्या कलमानुसार मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ७८व्या कलमानुसार मुलाकडून असा माल विकून किंवा वाहून घेणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. पुडी पोहोचवायला चौदा वर्षांचा मुलगा वापरला जातो तेव्हा तक्रारीचा रोख त्या मुलामागच्या माणसावर असावा, असा या कलमांचा आशय आहे. दुसरे साधन अमली पदार्थ कायद्याच्याच ६४-अ या कलमात आहे. जो व्यसनाधीन माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला असताना मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. पोलिसांच्या आणि बदनामीच्या भीतीने घरे गप्प बसतात, आणि महिनोन्महिने लपवलेला मुलगा केंद्रात येतो तेव्हा पुष्कळदा शाळा सुटलेली असते. गावातील आशा कार्यकर्ती, वर्गशिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा सोसायटीचा सचिव यांना हे कलम आणि १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक ठाऊक असेल, तर घाबरलेल्या आईवडिलांना त्याच आठवड्यात कोठे जायचे ते सांगता येते.

पुरवठ्याची बाजूही बदललेली आहे. अहिल्यानगरच्या परवानाधारक शेतांची जागा आज धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या डोंगराळ वनजमिनीवरील चोरट्या लागवडीने आणि आंध्र-ओडिशा सीमेवरून रस्त्याने येणाऱ्या मालाने घेतली आहे. पोलीस शेते उपटतात, ट्रक पकडतात, आणि ते आवश्यकही आहे. तरी सातपुड्यात ज्या शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाचा भाव आणि पाणी मिळत नाही त्याच्यापुढचा मोह त्याने संपत नाही, आणि शहरात ज्या मुलाच्या हातात मोबाइलवरून घरपोच पुडी येते त्याच्यापर्यंत नाकाबंदी पोहोचत नाही. राज्याने २०११ साली व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले असले, तरी किशोरवयीनांसाठी वेगळी उपचारव्यवस्था आजही मोजक्या शहरांपुरतीच आहे. तालुक्याच्या गावातील सोळा वर्षांच्या मुलाला बहुधा प्रौढांच्याच केंद्रात, वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या माणसांच्या शेजारी दाखल व्हावे लागते, आणि त्याच्या शाळेने त्याचे वर्ष वाया जाऊ न देता त्याला परत वर्गात कसे घ्यावे याची सवय अद्याप थोड्याच मुख्याध्यापकांना झालेली आहे.